गृहीतकाच्या उलट निकाल आला, आता थिसिसमध्ये काय लिहू?

ताई,

मी रसायनशास्त्रात एमएस्सी करते आहे. शेवटच्या वर्षी गाईडच्या हाताखाली प्रोजेक्ट करून त्यावर थिसिस द्यायचा असतो. माझा विषय सरांनी दिला. झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांमध्ये थोडं तांबं मिसळलं की दृश्य प्रकाशात ते मिथिलीन ब्लू हा रंग जास्त वेगाने नष्ट करतात, हे दाखवायचं आहे. माझ्याकडे नेमकं उलट येतंय. तांबं नसलेला नमुना सगळ्यात चांगला, आणि तांबं वाढवत जावं तसा वेग कमी. सर घाईत असतात, 'पुन्हा करून बघ' एवढंच म्हणतात. लॅबमधला सीनियर सांगतो, नको ती रीडिंग काढून टाक, सगळे तेच करतात. बरोबरीच्या मैत्रिणीचा पेपरसुद्धा स्वीकारला गेला. एक गोष्ट मात्र दिसली आहे: तांबं असलेले नमुने अंधारातच बराच रंग शोषून घेतात. त्यावर नवा विषय घेऊ का? की मुदत वाढवून मागू? सबमिशनला सोळा आठवडे आहेत आणि एक पानही लिहून झालेलं नाही. रात्री झोप लागत नाही.

एक विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

विषय बदलू नकोस. मुदतवाढीचा अर्जही आत्ता करू नकोस. आणि रीडिंग काढून टाकण्याचा विचार आजच सोडून दे. हे तीन निर्णय झाले की बाकीचं बरंच सोपं होईल.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अपेक्षित निकाल एकदा आला की मग लिहायला बसायचं, असं तू मनाशी ठरवलेलं दिसतं. इतकी वर्षं विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचताना आणि तपासताना मी बहुतेकांना इथेच अडकलेलं पाहिलं आहे. प्रयोग संपल्यावर लिहायचं असं धरलं, की प्रयोग कधी संपले हेच कळत नाही. लिहायला घेतलं की कुठला प्रयोग खरोखर राहिला आहे आणि कुठला करण्याची आता गरज नाही, हे कागदावर दिसायला लागतं. तुझ्याच प्रयोगावर हे करून दाखवते.

समज, तू आज निष्कर्षाच्या जागी एकच वाक्य लिहिलंस: 'तांबं मिसळल्याने झिंक ऑक्साइडची दृश्य प्रकाशातली कार्यक्षमता कमी होते.' आता परीक्षकाच्या खुर्चीत बस आणि त्यातला एकेक शब्द तपास.

'दृश्य प्रकाशातली'. झिंक ऑक्साइडची बँड गॅप, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला उत्तेजित करायला साधारण ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, अतिनील प्रकाश लागतो. मग तांबं नसलेला तुझा नमुना दृश्य प्रकाशात इतका चांगला चालतो कसा? मला दोन शक्यता दिसतात. पहिली म्हणजे तुझा दिवा. दृश्य प्रकाशाचा म्हणून वापरले जाणारे अनेक दिवे थोडा अतिनील प्रकाशही सोडतात. समोर ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावला होतास का? दुसरी शक्यता रंगाचीच आहे. मिथिलीन ब्लू स्वतः दृश्य प्रकाश शोषतो आणि शोषलेल्या ऊर्जेवर झिंक ऑक्साइडला इलेक्ट्रॉन देऊ शकतो. तसं झालं तर रंग नष्ट होण्याचं बरंचसं काम रंगानेच सुरू केलेलं असतं, उत्प्रेरकाने, म्हणजे झिंक ऑक्साइडने, प्रकाश शोषून नाही. या क्षेत्रात मिथिलीन ब्लू वापरण्यावर घेतला जाणारा हा जुना आक्षेप आहे. तो तू स्वतः लिहिलास तर तोंडी परीक्षेत कुणी तुला कोंडीत पकडणार नाही.

'कार्यक्षमता'. ती तू बहुधा ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून मोजते आहेस. पण हा रंग तुटताना त्यावरचे मिथाइल गट एकेक करून सुटतात आणि शोषणाचं शिखर कमी तरंगलांबीकडे सरकतं. फक्त ६६४ वर रीडिंग घेतलं तर रंग जितका नष्ट झाला त्यापेक्षा जास्त झाल्यासारखा दिसतो. तेव्हा प्रत्येक नमुन्याचा संपूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे सगळ्या तरंगलांबींवरची रीडिंग, जपून ठेव. शिवाय द्रावण फिकं होणं आणि रेणूचं पूर्ण विघटन होणं यांत अंतर आहे. तू मोजलं आहेस ते पहिलं, म्हणून थिसिसमध्येही पहिलंच लिहायचं.

मग अंधारातलं शोषण, म्हणजे रंग कणांना नुसता चिकटणं. दिवा लावण्याआधी द्रावण उत्प्रेरकासह अंधारात ढवळत ठेवून शोषण स्थिर झाल्याची खात्री केलीस का? अनेक जण तीस मिनिटं ठेवतात, कारण आधीच्या पेपरमध्ये तसं लिहिलेलं असतं. तुझे तांब्याचे नमुने जास्त रंग शोषतात, म्हणजे त्यांना जास्त वेळ लागत असेल. सुरुवातीची संहती तू शोषणाआधीची धरतेस की नंतरची, यावर तुझा सगळा ग्राफ बदलेल. उलट्या निकालाचा काही भाग इथेच दडलेला असू शकतो. रीडिंगआधी नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवून, कण पूर्ण काढलेस का, तेही बघ. उरलेले बारीक कण प्रकाश विखुरतात आणि प्रकाशाचं शोषण वाढल्यासारखं दिसतं.

'कमी होते'. हे किती वेळा दिसलं? एकाच क्युव्हेटमधून, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीतून, तीन रीडिंग घेतली तर त्यातून यंत्र किती स्थिर आहे एवढंच कळतं. एकाच बॅचमधले तीन नमुने घेतले तर तुझा हात किती स्थिर आहे ते कळतं. तांब्याचा परिणाम सांगायचा तर पदार्थ तीनदा स्वतंत्रपणे बनवून तिन्ही बॅच तपासाव्या लागतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल नेमकी हीच तक्रार मांडली होती: संशोधक एकाच घटकातून पुष्कळ मोजमापं घेतात आणि त्यांना स्वतंत्र पुनरावृत्ती समजून संख्याशास्त्र लावतात. पेशी वाढवणारे, मातीचे नमुने घेणारे, पातळ थर बनवणारे, सगळेच आजही यात अडकतात. तू जीवशास्त्रात असतीस तरी मी हाच परिच्छेद लिहिला असता.

पाहा, एका वाक्यातून तुझी उरलेली कामं निघाली. फिल्टर लावून एक मालिका. उत्प्रेरकाशिवाय, फक्त दिव्याखाली रंगाचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, तो आधी केला नसशील तर. अंधारातलं शोषण स्थिर होईपर्यंतची रीडिंग. आणि तांबं नसलेला एक व तांबं असलेले एक-दोन नमुने नव्या बॅचमधून. जमलं तर फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर एक चाचणी, म्हणजे रंगाने स्वतः प्रकाश शोषण्याचा प्रश्नच उरत नाही. पण ती नाही झाली तरी थिसिस अडत नाही. 'पुन्हा करून बघ' या सल्ल्यात आणि या यादीत मोठा फरक आहे. तोच प्रयोग तसाच पुन्हा केलास तर तीच शंका पुन्हा हातात येईल.

हे सगळं करूनही निकाल उलटाच राहिला तर? मग तो तुझा निकाल आहे, आणि चांगला निकाल आहे. तांब्यासारखा धातू मिसळल्यावर प्रकाशाचं शोषण दृश्य भागाकडे सरकतं, पण तेच तांब्याचे अणू प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांना एकत्र येऊन विझून जाण्याच्या जागाही पुरवू शकतात. त्यामुळे प्रमाण वाढलं की वेग घटणं हे या क्षेत्रात अपरिचित नाही. चर्चेच्या प्रकरणात ही शक्यता जरूर मांड, पण 'असं असू शकतं' या शब्दांत. तू फोटोल्युमिनेसन्स (पदार्थाने प्रकाश शोषून परत सोडलेला प्रकाश) वगैरे काही मोजलं नसशील, तर कारण सिद्ध केल्यासारखं लिहू नकोस. तुझं गृहीतक खोटं ठरलं म्हणून गुण जात नाहीत. न मोजलेलं मोजल्यासारखं लिहिलं तर मात्र जातात, आणि जायलाच हवेत.

अंधारातल्या शोषणाचा नवा विषय आत्ता नको. जोसलिन बेल १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडी करत होत्या. क्वेसार, म्हणजे फार दूरचे अतितेजस्वी खगोल, शोधण्यासाठी इतरांसोबत स्वतः उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या कागदी नोंदींत त्यांना एक विचित्र खूण दिसली, आणि त्यातून पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचा, शोध लागला. खगोलशास्त्रातला तो त्या दशकातला मोठा शोध. तरी त्यांचा प्रबंध ठरलेल्या विषयावरच, रेडिओ स्रोतांच्या व्यासांच्या मोजमापावर, पूर्ण झाला आणि पल्सार परिशिष्टात गेले. तूही शोषणाची रीडिंग नीट नोंदव, मुख्य निकाल समजायला जितकी लागतात तितकी प्रकरणात घे आणि बाकीची परिशिष्टात टाक. कुतूहल टिकलं तर पुढे त्याचा वेगळा प्रकल्प होईल.

आता सीनियरच्या सल्ल्याबद्दल. एखादं रीडिंग वगळता येतं, पण त्याचं कारण रीडिंगच्या बाहेरचं असावं लागतं. दिवा मध्येच बंद पडला, ढवळणी थांबली, क्युव्हेटला तडा होता, असं काही त्या दिवशीच वहीत लिहिलेलं असेल तर ते रीडिंग वगळ आणि थिसिसमध्ये तसं सांग. आकडा आवडला नाही हे कारण होत नाही. 'सगळे करतात' हे खरं नाही, आणि जे करतात त्यांच्यामुळे पुढच्या कुणाचे तरी महिने वाया जातात. तांब्याने वेग वाढतो असं छापलेलं वाचूनच तू या कामाला लागलीस ना? त्यातल्या कुणी आपली नकोशी रीडिंग काढून टाकली असतील, तर आज तुझी झोप उडण्यात त्यांचाही वाटा आहे. तू ती साखळी पुढे नेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

तुझी वही हाच तुझा खरा आधार आहे. तारीख, बॅच, वजन, दिव्याचं अंतर, कच्च्या फाइलचं नाव, सगळं वहीत हवं. वहीत खाडाखोड करायची ती एका रेघेने, खालचं वाचता येईल अशी. कच्च्या फाइलींना हात लावू नकोस, गणितं त्यांच्या प्रतीवर कर, आणि किमान एक प्रत लॅबच्या बाहेर ठेव. सबमिशनच्या आधी कॉम्प्युटर बंद पडल्याचं ऐकून मला आता नवल वाटत नाही.

सरांचं काय करायचं? ते घाईत आहेत हे मी मान्य करते, पण 'काय करू?' एवढंच विचारलं तर 'पुन्हा कर' याहून वेगळं उत्तर मिळणं अवघड असतं. गाईडच्या डोक्यात एका वेळी अनेक विद्यार्थ्यांची कामं असतात. तुझा मागचा ग्राफ त्यांना आठवत असेलच असं नाही. म्हणून भेटीच्या दोन दिवस आधी एक पान पाठव: काय विचारलं, काय मिळालं, मुख्य ग्राफ एक, आणि ज्यावर त्यांनी निर्णय द्यायचा आहे असे दोन-तीन प्रश्न. भेट झाल्यावर त्याच दिवशी 'आज हे ठरलं' अशा चार ओळींचा मेल कर. यामागे अविश्वास नसतो. दोन महिन्यांनी दोघांनाही तेच आठवावं म्हणून तो करायचा. तरीही उत्तरच येत नसेल, आठवडेच्या आठवडे, तर सहमार्गदर्शक किंवा विभागाच्या समन्वयकांकडे जा. त्यासाठीच ती माणसं नेमलेली असतात. तक्रारीच्या सुरात जाऊ नकोस. वेळापत्रक दाखव आणि कुठे अडलं आहे ते सांग.

आणि निकाल सरांना पटलाच नाही तर? १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी आपल्या प्रबंधात ताऱ्यांच्या वर्णपटांवरून काढलं की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन इतर मूलद्रव्यांच्या कितीतरी पट जास्त आहे. हेन्री नॉरिस रसेल हे त्या काळातले मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांना हे अशक्य वाटलं, आणि त्यांच्या आग्रहामुळे पेन यांनी हा आकडा बहुधा खरा नसावा असं प्रबंधात लिहिलं. १९२९ मध्ये रसेल स्वतःच्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले. पेन यांना ते वाक्य लिहावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्यांनी तक्ता बदलला नाही, आकडे जसे आले तसे छापले, म्हणून पुढे सगळ्यांना ते श्रेय कुणाचं हे सांगता आलं. अर्थ लावण्यावर सरांशी मतभेद झाला तर दोन्ही शक्यता लिहून टाक, शब्द मवाळ कर, वाद घालून भेट वाया घालवू नकोस. तक्त्यातला आकडा मात्र कुणाच्याही सांगण्यावरून हलवायचा नाही.

लिहिण्याचा क्रम प्रस्तावनेपासून धरू नकोस. आधी आकृत्या काढ, मनाजोगत्या नसल्या तरी चालेल, आणि प्रत्येकीखाली असा मजकूर लिही की बाकी काही न वाचता ती कळावी. त्रुटी दाखवणाऱ्या पट्ट्या (एरर बार) कशाच्या आहेत, प्रमाण विचलनाच्या की प्रमाण त्रुटीच्या, आणि किती बॅचच्या, हे त्यात यायलाच हवं. त्या आकृत्या ओळीने लावल्या की निकालाचं प्रकरण जवळजवळ तयार असतं. कार्यपद्धती तर आजच लिहिता येईल, कारण ते तू रोज करतेस. उत्प्रेरक किती, द्रावणाचं आकारमान आणि संहती किती, दिव्याची शक्ती आणि अंतर किती, तापमान काय. तुझं पान समोर ठेवून अनोळखी माणसाला प्रयोग करता आला पाहिजे. निकाल लिहिताना जे दिसलं तेवढंच, त्याचा अर्थ चर्चेत. प्रस्तावना त्यानंतर, कारण कशाची प्रस्तावना करायची ते तेव्हा कळलेलं असतं. सारांश सगळ्यात शेवटी.

आधीच्या संशोधनाचा आढावा लिहिताना एकामागून एक पेपरचे सारांश रचत जाऊ नकोस. तुझ्या आढाव्याला एकच प्रश्न पुरे: तांब्याने वेग वाढला म्हणणाऱ्यांनी कोणता दिवा, कोणता रंग आणि किती प्रमाण वापरलं, आणि कमी झाला म्हणणाऱ्यांनी काय? याचा एक तक्ता कर. तुझ्या उलट निकालाचं अर्धं उत्तर त्या तक्त्यात सापडेल असा माझा अंदाज आहे. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेव. संदर्भ म्हणून दिलेला प्रत्येक पेपर स्वतः उघडून पाहिलेला असावा. एआयकडून संदर्भ मागवणाऱ्यांना अस्तित्वातच नसलेले पेपर मिळाल्याची उदाहरणं आता सर्रास दिसतात. दुसऱ्याची वाक्यं थोडी फिरवून वापरणं हीसुद्धा नक्कलच आहे, मग साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने ती पकडो वा न पकडो.

सोळा आठवडे मागून मोजत ये. शेवटचे दोन छपाई, नियमांप्रमाणे मांडणी आणि साम्य तपासणीला. त्याआधीचे तीन सरांनी पूर्ण मसुदा वाचून तू दुरुस्त्या करण्यासाठी. प्रकरणं एकेक करून हवीत की एकदम, हे त्यांना आत्ताच विचार. प्रयोग सातव्या आठवड्याच्या शेवटी बंद. त्यानंतर मनात आलेला प्रत्येक सुंदर प्रयोग 'पुढील काम' या शीर्षकाखाली लिहायचा. आणि आजपासून रोज सकाळी, लॅबमध्ये जाण्याआधी, एक तास फक्त लेखनाला. विद्यापीठाचे मांडणीचे नियमही आताच वाचून काढ.

मैत्रिणीच्या पेपरकडे बघणं सोड. तिचा विषय वेगळा, तिचं नशीब वेगळं, आणि एमएस्सीच्या थिसिससाठी पेपर लागतो का ते आपल्या नियमांत बघ. बहुतेक ठिकाणी लागत नाही. झोप न लागणं मात्र मी हलक्यात घेत नाही. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर डॉक्टरांना किंवा विद्यापीठाच्या समुपदेशकाला भेट, आणि घरच्या एका तरी माणसाला निकाल उलटा आला आहे हे स्पष्ट सांग.

तोंडी परीक्षेची तयारी वेगळी करावी लागणार नाही. वरच्या त्या एका वाक्यावर मी विचारलेले प्रश्न परीक्षकही विचारतील. एखाद्याचं उत्तर नसेल तर 'हे मी मोजलेलं नाही, मोजायचं तर असं मोजेन' हे पूर्ण उत्तर आहे.

सरांना पाठवायचा पहिला मेल असा असू दे, हवा तसा बदलून घे:

'सर, तांब्याच्या चार नमुन्यांची आतापर्यंतची सगळी रीडिंग एका ग्राफमध्ये जोडली आहेत. कल अपेक्षेच्या उलट आहे. दिव्यातला अतिनील प्रकाश, रंगाने स्वतः शोषलेला प्रकाश आणि अंधारातलं अपुरं शोषण ही तीन कारणं मला तपासायची आहेत. त्यासाठी चार प्रयोग खाली दिले आहेत, ते सात आठवड्यांत होतील. तीन गोष्टींवर तुमचा निर्णय हवा आहे: फिल्टर कुठून मिळेल, नव्या बॅच किती करायच्या, आणि कल उलटाच राहिला तर तोच मुख्य निकाल म्हणून लिहायला तुमची संमती आहे का. कार्यपद्धतीच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा सोबत आहे. या आठवड्यात अर्धा तास कधी भेटता येईल?'

तुझी,
ताई